लाल चिंधीची खूण

घोडबंदर रोड, ठाणे
१६ मार्च २०२५

चि. अक्षदा हिस आजीचे अनेक आशीर्वाद.

तुला एक आजी आहे हे विसरली असशील, म्हणून वर्णन कळवते. बुटकी, नऊवारीतली, कोपरीच्या खोलीत तुझी वेणी घट्ट घालून तुला रडवणारी. आठवली का? होळीला बाबांशी बोलते म्हणाली होतीस. होळी पेटली, विझली, राखसुद्धा थंड झाली.

फोनवर बोलता येत नाही. तुझा बाप स्पीकर लावून समोर बसतो. म्हणून स्वयंपाकाच्या भीमाबाईला पोळ्या झाल्यावर बसवून घेतलं आहे. मी सांगते, ती लिहिते. सातवी पास आहे, अक्षर बरं असावं. मला काय, सगळं मुंग्यांसारखंच दिसतं.

तुला खरं काय झालं ते कोणी सांगितलं नसेल. डिसेंबरात मी भाजी आणायला उतरले. या सगळ्या इमारती जुळ्या बहिणी. त्यांच्या कपाळावर अक्षरं लिहिलीत म्हणे, पण माझी खूण म्हणजे वॉचमनची निळी खुर्ची. त्या दिवशी मेल्याने खुर्ची उन्हातून सावलीत नेली, शेजारच्या दारात. मी खुर्ची बघून शिरले, लिफ्टची बटणं खालून चौदा मोजली, दार उघडंच होतं. आत जाऊन पाणी प्याले आणि तिथल्या बाईला झापलं, की मला न विचारता पडदे का बदलले म्हणून. ती उत्तराबाई. भली बाई, चहा केला. चूक कळल्यावर मला इतकी लाज वाटली की मी घर कुठलं तेच सांगेना. तीन तास तुझा बाप मारुती मला शोधत फिरला.

तेव्हापासून तो आणि तुझी आई नऊला कामावर निघतात आणि तो बाहेरून कुलूप दोनदा फिरवतो. किल्ली भीमाबाईकडे आहे, घरच्या म्हातारीकडे नाही. तुझ्या भल्यासाठीच, म्हणतो. या भल्याला काही खाली उतरता येत नाही.

तेवढी किल्ली मला देववशील तर बघ. लोभ आहेच, तो उतू जाऊ दे, गॅस बारीक करू नकोस.

तुझी आजी मालन

(दार उघडं ठेवून जा असं आजी मला रोज म्हणतात. मला ही नोकरी हवी आहे, ताई. — भीमाबाई)


शिमल्याच्या वर, फळबाग केंद्र
१४ एप्रिल २०२५

ती. आजीस शि. सा. नमस्कार.

आजी, चुकले. बाबांशी बोलणारच होते, पण इथे फार वाईट झालंय आणि बाबांना कळलं तर ते म्हणतील, परत ये. मग माझ्याही दाराला कुलूप.

तुला माहितीये, आमचं केंद्र सफरचंद आणि चेरीवाल्यांसाठी प्रयोग करतं आणि मग मी गावोगाव फिरून ते समजावते. सध्या झाडं पांढरीशुभ्र फुललेली. फुलांवर मधमाशा बसल्या तरच फळ धरतं, म्हणून लोक भाड्याने माशांच्या पेट्या आणून बागेत ठेवतात. फुलं असताना कीडनाशक मारायचं नाही, फक्त फळ धरायला मदत करणारं औषध मारायचं. दोन्ही औषधं मीच वाटलेली. एकसारख्या पांढऱ्या बाटल्यांमध्ये, वर सुंदर छापील लेबल लावून.

प्रशिक्षणाला पुरुष आले. फवारणी केली रामदेई अम्माने. तुझ्याएवढीच असेल. तिने चुकीची बाटली उचलली. दुपारी पेट्यांसमोर माशांचा सडा पडलेला. मी गेले तेव्हा ती एकेक माशी उचलून ओढणीच्या पदरात घेत होती.

आमचे साहेब म्हणतात, अहवालात लिहा, शेतकऱ्याची चूक. यापुढे औषध फक्त प्रशिक्षण घेतलेल्या, वाचता येणाऱ्या माणसाच्या हातात द्यायचं. म्हणजे रामदेईला तिच्याच बागेत हात लावायचा नाही. महिनाअखेर मला सही करायचीय. माझी नेमणूक जूनमध्ये संपते, पुढची त्यांच्याच हातात. सही केली तर तिला तोंड दाखवता येणार नाही, नाही केली तर सामान बांधायचं. काय करू ते कळत नाही.

तुझी अक्षदा


घोडबंदर रोड, ठाणे
२४ एप्रिल २०२५

चि. अक्षदा हिस आशीर्वाद.

भीमाबाईने तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा मीच वाचायला लावलं, पदरातल्या माशांसाठी.

एवढं शिकलीस आणि विष नि औषध एकाच रंगाच्या बाटलीत भरलंस? मी असते तर मीही तीच उचलली असती. वर छान इंग्रजी मुंग्या होत्या की हिंदी, मला काय फरक पडणार होता? कोपरीला माझ्या फळीवर सतरा डबे होते, आठवतं? खायच्या सोड्याला काळा दोरा, तुरटीला गाठ, आणि उंदराच्या औषधाला लाल चिंधी. तू तीन वर्षांची असताना त्या चिंधीला हात लावलास आणि मी तुझ्या पाठीत धपाटा घातला. तो धपाटा हेच तुझं पहिलं प्रशिक्षण. साहेबांना सांग.

आणि कामं बायका करतात तर पुरुषांना चहा-बिस्किटं कशाला घालता? आपण हळदीकुंकवाला बोलावतो तसं बायांना बोलाव. आपापल्या बाटल्या घेऊन या म्हणावं. वाण म्हणून लाल चिंध्या वाट. अंधारातसुद्धा हाताला लागते चिंधी.

सहीचं मी सांगणार नाही. पोट तुझं आहे. पण चूक झाली म्हणून माणसाला कोंडून ठेवलं की पुढे काय होतं ते मी बघते आहे. काल गॅलरीतल्या कबुतरजाळीच्या आत एक कबूतर शिरलं. पहिल्यांदा खूप फडफडलं. मी जाळीचा कोपरा उचलून धरला, तर जाईना! कुंडीमागे बसून राहिलं. पाच महिन्यांत मीही फडफडणं सोडलं आहे. परवा भीमाबाई कचरा टाकायला गेली तेव्हा दार सताड उघडं होतं, आणि मी खुर्चीतून उठले नाही. ते मला आवडलं नाही.

किल्लीचं राहू दे. आधी तुझं बघ. माया पाठवते आहे, तिला टपाल हशील नाही.

तुझी आजी


केंद्र, ९ जून २०२५

ती. आजीस शि. सा. नमस्कार.

मी सही नाही केली. स्वतःचा वेगळा अहवाल लिहिला, की चूक बाटलीची, म्हणजे माझी.

मग रामदेई अम्माच्या अंगणात बायकांना बोलावलं. ती आधी बाहेरच येईना. गावाने तिला बोलून बोलून पार गप्प केलेलं. मी तिला सांगितलं, माझी आजी दुसऱ्याच्या घरात शिरून पडद्यांवरून भांडून आलीये. आजी, माफ कर, पण ती जे हसली! पदर तोंडाला लावून हसत बाहेर आली. एकेचाळीस बाया, प्रत्येकीची बाटली. विषाला लाल चिंधी, दुसरीला काही नाही. पहिली चिंधी तिनेच बांधली, स्वतःची ओढणी फाडून.

सफरचंद यंदा तिच्या बागेत निम्मंच धरलंय. ते काही भरून येणार नाही. पण चेरीच्या फवारण्या बिनचूक झाल्या आणि फळांच्या पेट्या बाजाराला निघाल्यासुद्धा. साहेबांनी मला फक्त तीन महिने वाढवून दिलेत, तेही तोंड वाकडं करून. सप्टेंबरनंतर माहीत नाही.

तो अहवाल मी बाबांनाही पाठवलाय. शेवटच्या ओळीखाली पेनाने रेघ मारून: बाटली बदला, बाई नको. दुसरं काही लिहिलं नाही.

तुझीच,
अक्षदा


घोडबंदर रोड, ठाणे
२० जुलै २०२५

चि. अक्षदा हिस आशीर्वाद.

तुझा अहवाल मारुतीने जेवताना मोठ्याने वाचला. शेवटची ओळ दोनदा वाचली. मग ताकात मीठ नाही म्हणून उठला. मीठ होतं. मला ठाऊक आहे, डिसेंबरात तो तीन तास रडत फिरला होता. कुलूप त्या भीतीचं होतं.

चार दिवस काहीच नाही. पाचव्या दिवशी किल्ली देवघरात, लाल नाडीत ओवलेली. आणि आपल्या इमारतीच्या दाराशी कठड्याला हाताच्या उंचीवर लाल चिंधी. सोसायटीने शोभा जाते म्हणून दोन दिवसांत काढली. मारुतीने पुन्हा बांधली! जो माणूस सेक्रेटरी दिसला की जिना बदलतो, त्याने. परवा तिसऱ्यांदा काढली, काल चौथी बांधली. आता बघू कोणाचं कापड आधी संपतं.

तू विचारशील, उतरलीस का? खोटं कशाला सांगू. पहिले तीन दिवस किल्ली गळ्यात घालून दाराच्या आतच उभी राहिले. त्या कबुतरासारखी. चौथ्या दिवशी चिंधीपर्यंत गेले, तिला हात लावला आणि तशीच वर आले. काल फाटकापर्यंत. भाजीवाल्यापर्यंत अजून नाही. कुलूप निघालं तरी पायातलं निघायला वेळ लागतो. तुझ्या रामदेईला विचार, तिला कळेल.

आता शहाण्यासारखं ऐक. तिच्या बागेतली सफरचंदं उतरली की एक पेटी पाठव. चेरी नको, वाटेत रडते. आई-बाबांसाठी वेगळी पाठवू नकोस, त्यांना बाजार आहे. ही पेटी उत्तराबाईंची, त्यांच्या चहाची परतफेड. फळं गारेचे डाग पडलेली असली तरी चालतील, पण पेटी माझ्या कमरेवर मावेल एवढीच भर. नेऊन मी देणार आहे, एकटी.

तुझी आजी मालन

(मी मागे चालणार आहे, दहा पावलं. त्यांना सांगू नका. — भीमाबाई)