तिठ्यावरचा खजिना

२ जानेवारी १९८९, डोंबिवली
नव्या वर्षाचा संकल्प : मंडळाचा सेक्रेटरी व्हायचं. बावीसला खडवलीला सहल. खजिना-शोधाचा प्रमुख मी. खेळ गाजला की सेक्रेटरीपद खिशात.

८ जानेवारी
खजिना लपवायच्या जागा आधी तपासायला मंडळाने दोन स्वयंसेवक नेमलेत. शाळेतल्या नंदा टीचर आणि बँकेतला परशुराम. रविवारची झोप सोडून, पदरचं तिकीट काढून खडवलीला जातात. कुठे साप, कुठे काचा, कुठे कोणाचं शेत, बघतात. अध्यक्ष म्हणाले, यांचं कौतुक करायला हवं. कसलं डोंबलाचं कौतुक. रिकामटेकडे लेकाचे.

११ जानेवारी
माझ्या जागा नापास. विहिरीचा कठडा नको, पोरं पडतील. वारूळ तर नकोच. मग खजिना काय माझ्या मांडीवर ठेवू?

१५ जानेवारी
अफलातून जागा सुचली. नदीकडे उतरताना तीन वाटा मिळतात, तो तिठा. अध्यक्षांनी बक्षीस दिलेला चांदीचा पेला लाल फडक्यात बांधायचा, वर लिंबू. सूचनेची ओळ : 'आंबट फळाखाली गोड नशीब'. माझीच. नंदा टीचर म्हणाल्या, "लोक उतारा समजतील. कोणी हात लावणार नाही."

शिकलेली बाई, आणि ही अक्कल. मी विज्ञाननिष्ठ माणूस. त्यांनी सुचवलेली चिंचेची ढोली तोंडदेखली मान्य केली.

२१ जानेवारी, संध्याकाळ
गुपचूप जाऊन पुरचुंडी तिठ्यावरच ठेवून आलो. मस्त दिसते. उद्या दोघांची तोंडं बघायची.

२२ जानेवारी, दुपार
सगळे तिठ्यावर आले, बघितलं, लांबून वळसा घालून गेले. शेजारच्या रंगूबाईंनी तर नातवाचे डोळे झाकले. ही म्हणे सुशिक्षितांची डोंबिवली.

त्याच दिवशी, संध्याकाळ
खजिना कोणालाच मिळाला नाही. पेला आणायला मीच गेलेलो. तिठ्यावर दोन पुरचुंड्या. दोन्ही लाल, दोन्हींवर लिंबू. उताऱ्याचीच जागा समजून कोणीतरी शेजारी खरा उतारा ठेवून गेलेलं. माझी कुठली? आधी डावी वाटली, मग उजवी. विज्ञाननिष्ठ माणसाने घाई करू नये, म्हणून हात मागे घेतला.

शेवटी त्या दोघांना बोलवावं लागलं. नंदा टीचरनी काठीने पहिली गाठ सोडली : भात, अंडं, काळी बाहुली. दुसरीत पेला. टीचरनी तो पुसून माझ्या हातात दिला. ते जास्त लागलं.

२९ जानेवारी
सेक्रेटरी : नंदा टीचर, बिनविरोध. मला आभारप्रदर्शन, तेही जागा तपासणाऱ्या दोघांचं. टोमणे तयार ठेवलेले. उभा राहिलो आणि एकही आठवेना. "त्यांचं ऐकायला हवं होतं," एवढंच बोललो. टाळ्या त्यांना पडल्या.

घरी आलो तर बायको दारातच मीठ-मोहऱ्या घेऊन उभी. रंगूबाईंनी तिला सगळं सांगितलेलं. ही अंधश्रद्धा आहे, असं तिला स्पष्ट बजावलं. मग म्हटलं, मला उभं केलंच आहेस तर नीट उतरव, पाठीवरूनसुद्धा.