अष्टमीचं पाणी

उत्तन, १७ ऑक्टोबर २००६

चि. बॉस्को यास नोराबायचे अनेक आशीर्वाद.

प्रभूच्या दयेने स्टीवन आणि मी ठीक आहोत. फोनवर तू नुसता हो बाय, हो बाय करतोस आणि लक्ष तुझं टीव्हीकडे, म्हणून लिहायला बसले. आता वाचल्याशिवाय सुटका नाही!

रविवारी चर्चमध्ये मिस्सा ऐकून आलो तर घरामागच्या खाडीत करंदी, ती बारीक कोळंबी, मरून पडलेली. काठाला लालसर थर साचला होता. चिंबोऱ्या चिखलावर येऊन उलट्या पडल्या होत्या, काहींचे पाय अजून हलत होते. नवल म्हणजे बोयटं मासे मात्र पाण्यात फिरत होते. मी एवढी वर्षं मासळीची पाटी डोक्यावर घेतली, पण असं पाहिलं नव्हतं. स्टीवन गुडघाभर चिखलात नुसता उभा राहिला.

तुझे भावोजी गेल्यापासून त्याने एकट्याने होडी धरलीय. आता म्हणतो, नाताळपर्यंत खाडी सुधारली नाही तर होडी विकून आखातात टगबोटीवर नोकरीला जाईन. तो गेला तर या घरात मी कोणासाठी चूल पेटवू? तू त्याचा मामा, चार शब्द सांग.

तुझ्या लेकीला, ॲलिसनला पापा. लोभ आहे तसाच ठेव.

तुझी नोराबाय

•

भाईंदर पूर्व, २४ ऑक्टोबर २००६

ती. नोराबाय हिस बॉस्कोचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र टीव्ही बंद करून वाचलं, शपथ. स्टीवनला सांग, घाई करू नकोस. कारखान्याचं पाणी सोडलं असेल कुणीतरी. भरती-ओहोटीत चार दिवसांत धुऊन जाईल.

मला सध्या श्वास घ्यायला फुरसत नाही. तापाच्या साथीने सगळे घाबरलेत. सिल्व्हर पार्कच्या सोसायट्या डासांच्या फवारणीसाठी रोज फोन करतात. कॉन्ट्रॅक्टरने मला सुपरवायझर केलंय, हाताखाली सहा माणसं आहेत. गटारं, टाक्या, जिने, काही सोडत नाही आम्ही. ऑगस्टमध्ये ॲलिसनला डेंग्यू झाला तेव्हा पाच दिवस मी हॉस्पिटलच्या बाकावर काढले, तू डबा घेऊन येत होतीस. तेव्हापासून डास दिसला की माझं डोकं फिरतं. कोणी या कामाला हसलं तरी मला ते देवाचं काम वाटतं.

खाडीचं मनावर घेऊ नकोस. तब्येतीला जप, आणि भावावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा बॉस्को

•

उत्तन, २ नोव्हेंबर २००६

चि. बॉस्को यास आशीर्वाद.

आज मृतांचा दिवस. आई-बाबांच्या कबरीवर तुझ्या नावाचीही मेणबत्ती लावली. तू आला नाहीस, पण ते मी त्यांना सांगितलं नाही.

स्टीवनने मेलेली करंदी बर्फात घालून मुंबईला एका मत्स्यशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवली. ते म्हणाले, मासा जगला आणि कवचवाली मेली म्हणजे हे डास मारायचं औषध असावं. कोळंबी, चिंबोरी ही किड्यांचीच लांबची भावंडं, एवढ्याशा औषधानेही मरतात. खाडीवर कोणी फवारणीची पिंपं धुतं का, असंही त्यांनी विचारलं.

गावात लगेच तुझं नाव निघालं. शेजारच्या गोदूबाईने तर तोंडावर विचारलं. मी तिला सुनावलं की माजा भाव कोल्याच्या पोटचा हाय, तो असा करनार न्हाय. तरी तू या धंद्यातला, तुला माणसं माहीत. कोणी केलं ते शोधून काढ. खाडीत अजून काही नाही. स्टीवनने होडीला गिऱ्हाईक बघितलंय, मी मात्र नऊ दिवसांच्या प्रार्थनेची नोव्हेना धरलीय. लवकर लिही, आणि लोभ ठेव.

तुझी नोराबाय

•

भाईंदर पूर्व, १४ नोव्हेंबर २००६

ती. नोराबाय हिस सा. न. वि. वि.

हे पत्र तू एकटीने वाच. स्टीवनला सांगू नकोस, तुझ्या पाया पडतो.

ती पिंपं माझीच. दर शनिवारी माझी माणसं ती तुमच्या खाडीच्या तोंडाशी पुलाखाली धुवायची, तळाचं उरलेलं औषधही तिथेच ओतायची. जागा मीच दाखवली. ओहोटी लागली की धुवा, समुद्र घेऊन जातो, असं मीच सांगितलं होतं. पावसाळाभर कोणाला काही कळलं नाही, कारण वरून पाण्याचा लोंढा होता.

तुला करंदी मेलेली दिसली त्याच्या आदल्या दिवशीचा शनिवार अष्टमीचा होता, बाय. आपण चर्चला जाणारी माणसं, पण बाबा खाडीत उतरण्याआधी तिथी विचारायचे. अमावस्या-पुनवेला उधाण, तेव्हा खाडी रिकामी होते. अष्टमीला भांग, पाणी जागच्या जागी डुलतं, बाहेर जातच नाही. हे मला पाचव्या वर्षी पाठ होतं. भाईंदरला राहून मी फक्त घड्याळ बघायला शिकलो. तुझं पहिलं पत्र आलं त्याच दिवशी मी कॅलेंडर काढून बघितलं, आणि तुला कारखान्याचं लिहिलं. मी खोटं बोललो.

आता तिथे धूत नाही. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो गटारात धुवा. ते गटारही खाडीलाच मिळतं. काय करू, मला कळत नाही. ॲलिसनकडे बघितलं की औषध हवंसं वाटतं, आणि तुझी आठवण आली की जेवण जात नाही.

शिव्या दे, पण पत्र पाठव.

तुझा बॉस्को

•

उत्तन, २५ नोव्हेंबर २००६

ती. बॉस्को मामास स्टीवनचा नमस्कार.

आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन शिबिरात अचानक ठरलं, तुम्हाला कळवायला वेळ मिळाला नाही. तिच्या एका डोळ्यावर पट्टी आहे आणि दुसऱ्याने तिला आधीपासूनच दिसत नाही. म्हणून तुमचं पत्र मी वाचून दाखवलं.

पहिली ओळ मनातल्या मनात वाचली तेव्हाच थांबायला हवं होतं, पण ती कान देऊन बसली होती. मग मी मनचंच रचून मोठ्याने वाचत गेलो. ॲलिसनला गणितात चांगले मार्क मिळाले, तुम्ही गुन्हेगार शोधताय, नाताळला येताय, असं सांगितलं. ती खूश झाली. बाकीचं मी मोरीत जाऊन वाचलं. मला तुमचा फार राग आला, मामा, अजून आहे.

नाताळपर्यंत थांबलो नाही, होडी विकली. मी बुधवारी आखातात जातोय. नाताळला तुम्ही या, मी तसं वाचून बसलोय. ती तुमच्यासाठी सुके बोंबील राखून ठेवतेय, ते खा. तिला काही सांगू नका. मन मोकळं करायचं असेल तर फादरकडे जा. गोदूबाईशी ती तुमच्यासाठी भांडली, अजून बोलत नाही तिच्याशी. मी गेल्यावर तिला तुम्हीच आहात.

पट्टी सोमवारी निघेल. तुमचं पत्र घरात ठेवत नाही, बरोबर नेतोय.

माझ्यावर नसला तरी चालेल, तिच्यावर लोभ असू द्यावा, ही विनंती.

आपला भाचा,
स्टीवन