कोरडे यंत्र कोणालाही देऊ नये

मी, देवराम पुंजाराम विधाते, वय वर्षे ५९, धंदा कारखान्यांच्या छपरांच्या पन्हळी साफ करण्याचा, राहणार सातपूर, नाशिक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. छाती ठिकाणावर नाही, म्हणून घाई आहे. दोन ओळी लिहिल्या की मला थांबावे लागते. त्यामुळे अक्षर मध्येच बदललेले दिसले तर दुसऱ्या कोणी लिहिले अशी शंका घेऊ नये. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. सातपूर येथील राहते घर माझ्या स्वकष्टाचे आहे. तळमजला पत्नी सौ. लताबाई हिच्याकडे तिच्या हयातीपर्यंत राहील आणि तिला तेथून कोणी हलवू नये. वरच्या दोन खोल्या मुलगा योगेश याला मिळाव्यात, परंतु त्याने छातीचा फोटो काढून आईच्या हातात दिल्यानंतरच. तीन वर्षे तो मला "काढतो, बाबा" म्हणतो आहे. जिना चढताना तो निम्म्यावर चप्पल नीट करायला थांबतो. चप्पल नीटच असते. मी खाली खाटेवरून बघत असतो.

कलम २. बँकेतील ठेव लताबाई आणि मुलगी हर्षाली यांना सारखी मिळावी. हर्षाली देवळाली कॅम्पला शिक्षिका आहे. या मृत्युपत्राप्रमाणे सर्व होते की नाही, हे तिने पाहावे. मखमलाबादच्या फुलशेतीतला माझा हिस्सा मी भावाला पूर्वीच सोडला आहे. त्यावर माझ्या मुलांनी दावा सांगू नये.

कलम ३. लोखंडी शिडी आणि दोर भंगारात घालावेत. याचे कारण लिहून ठेवतो.

१९९१ साली माझा कारखाना बंद पडला. मी फिटर होतो. मोठ्या शेडवर उताराच्या कडेला भिंतीच्या माथ्यावर जी लोखंडी पन्हळ असते, ती पावसाळ्याआधी साफ केली नाही तर पाणी आत मशीनवर पडते, हे मला ठाऊक होते. त्यातून धंदा सुचला. खुरपे, घमेले आणि पोती घेऊन मी, माझा मेहुणा जीवन आणि समाधान नावाचा शेजारी असे तिघे वर चढत असू. इगतपुरीपर्यंत कामे मिळत. जून १९९५ मध्ये एका शेडवर जीवनचा पाय सिमेंटच्या पत्र्यावर पडला. पत्रा फुटला. खाली पंचवीस फुटांवर फरशी होती. तेथील मॅनेजर धावत आला, वर भोकाकडे बघून मला म्हणाला, "पत्रा कधी बदलून देताय?" जीवन तेव्हा श्वास घेत होता. त्या माणसाला मी माफ केलेले नाही. मरतानाही करणार नाही. तो माझ्या दहाव्याला आला तर त्याला पाणीसुद्धा विचारू नये.

कलम ४. हे कलम योगेशने दोनदा वाचावे.

जीवनच्या वर्षश्राद्धाच्या आत मी ठरवले की आपला माणूस पुन्हा छपरावर जाणार नाही. पन्हळ खालूनच साफ करायची. एका विक्रेत्याने दोन यंत्रे आणली. दोन्हींना ॲल्युमिनियमचे लांब पाइप, एकात एक बसणारे, आणि टोकाला पन्हळीत वाकणारे तोंड. माणूस जमिनीवर उभा, पाइप वर, कचरा ओढून खाली पिंपात. पहिले यंत्र कोरडे होते. पिंपात कापडी पिशवी, आणि ओढलेली हवा पिशवीतून गाळून मागच्या जाळीतून बाहेर. दुसरे ओले. त्यात कचरा आधी पाण्यात पडायचा आणि सुटणारी हवा वेगळ्या नळीने लांब नेलेली होती. ते जड होते, ओढ कमी होती, आणि तासातासाला त्यातला चिखल दोघांनी उचलून ओतावा लागे.

विक्रेत्याने आपल्या गोदामात दोन्ही यंत्रांनी पाला ओढून दाखवला. मी म्हटले, पाल्याने काही कळत नाही. म्हणून एका फाउंड्रीच्या, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्याच्या, शेडवर सुट्टीच्या दिवशी दोन्ही लावून पाहिली. फाउंड्रीच्या पन्हळीत पाला नसतो. साच्यांची वाळू जळून पीठ झालेली असते, ती धुराड्यातून छपरावर बसते. कोरड्या यंत्राने अर्धी पन्हळ ओढली तोवर ओल्याने चार हातही केली नव्हती. आम्ही खूश झालो. लताबाई डबा घेऊन आली होती. ती यंत्राच्या मागे गेली आणि तिने आपला पदर जाळीसमोर धरला. हिरवा पदर करडा झाला.

"अहो, हे मशीन पुढून खातं आन मागून सोडतं," ती म्हणाली.

विक्रेता हसला. "वहिनी, बारीक धूळ थोडी येणारच. रुमाल बांधायचा."

"बारीक हाय म्हनूनच म्हनते. जाडी नाकात अडकंल, ही कुठं अडकनार?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "वल्लं घ्या. लागू द्या उशीर."

मी सगळ्यांदेखत तिला म्हणालो, "तुझा भाऊ पत्र्यातून खाली आला. मला माणूस जमिनीवर ठेवायचाय. तेवढं बघ, बाकीचं मला कळतं." ती डबा ठेवून निघून गेली. त्यानंतर ती कधी कामावर आली नाही.

मी कोरडे यंत्र घेतले. विक्रेत्याला दोष देत नाही. त्याने दोन्ही दाखवली होती.

नऊ वर्षे ते चालले. एकही माणूस छपरावर चढला नाही, एकाला खरचटलेसुद्धा नाही, आणि मी ते अभिमानाने सांगत फिरलो. पाइप मी धरायचो. समाधान यंत्रापाशी, मागच्या बाजूला, पिशवी झटकायला. १९९९ पासून योगेशही. दोन शेडच्या भिंतींमधल्या बोळात ती धूळ दुपारी उन्हात तरंगताना दिसायची. संध्याकाळी डोळ्यांच्या पापण्या पांढऱ्या झालेल्या असत आणि आम्ही एकमेकांना म्हातारा म्हणून हसायचो.

समाधानला २००२ साली खोकला लागला. टीबी म्हणून नऊ महिने औषध दिले. पुढच्या वर्षी तो बसल्या जागी धापा टाकू लागला. शेवटी त्याला आडवे झोपता येत नव्हते. भिंतीला टेकून, गुडघ्यावर उशी घेऊन बसायचा. त्याच्या तेराव्याला त्याची बायको छाया मला म्हणाली, "काका, टीबी नव्हता तो. टीबीचं माणूस औषधाला काहीतरी ऐकतं." २००५ मध्ये मी स्वतः मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी माझा फोटो दिव्यावर लावून विचारले, "दगडाच्या खाणीत होता का तुम्ही?" मी म्हणालो, पन्हळी साफ करतो. त्यांनी फोटो पुन्हा एकदा जवळून पाहिला. मग म्हणाले, वाळूची धूळ छातीत गेली की तिथेच राहते. काम सोडले तरी आजार वाढत जातो. याला औषध नाही.

घरी येऊन मी लताबाईला सांगितले. तिने मला जुने काही ऐकवले नाही. एवढेच विचारले, "योगेश किती वर्सं व्हता त्या मशीनवर?"

म्हणून योगेश, तुला हा धंदा करायचाच असेल तर यंत्र घेताना ओढ किती आणि पाइप किती उंच जातो, हे शेवटी विचार. आधी मागे जाऊन उभा राहा. हवा कुठून सुटते आणि तिथे कोण उभा राहणार आहे, ते बघ. पाला ओढून दाखवला तर विश्वास ठेवू नकोस. ज्या पन्हळीवर काम करायचे तिथलीच घाण ओढायला लाव. विजेच्या तारांजवळ ॲल्युमिनियमचा पाइप उभा करू नकोस. आणि तुझी आई "नको" म्हणाली तर घेऊ नकोस.

कलम ५. समाधानची पत्नी छाया हिला घरामागचा गाळा मालकी हक्काने द्यावा. तिने घ्यायला नकार दिला तरी पुन्हा विचारावे.

त्या गाळ्यात ठेवलेले कोरडे यंत्र विकू नये, दान देऊ नये, सुट्या भागांसाठीही कोणाला देऊ नये. घणाने फोडून टाकावे.

कलम ६. हे कलम अकरा दिवसांनी लिहीत आहे.

वरील मजकूर मी घरात वाचून दाखवला. पाचव्या कलमाला योगेश उठून उभा राहिला. म्हणाला, "बाबा, मशीन तिथे नाहीये. दिवाळीनंतर विकलं मी. पिंपळगाव बसवंतला. तुम्हीच म्हणाला होता, ते घरात नको."

मी म्हणालो, "आपल्या घरात नको म्हणालो होतो."

मला जिन्यापर्यंत जाता येत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी लताबाई योगेशला घेऊन पिंपळगावला गेली. यंत्र खंडेराव गांगुर्डे नावाच्या गृहस्थांनी घेतले आहे. माणूस सरळ आहे, असे ती सांगते. त्यांनी तिला तिथेच, चालू कामावर, चहा दिला. परत द्यायचे मात्र नाव काढू देत नाहीत. "मावशी, झ्याक मशीन हाय. दोन सीझनचं काम एकात उरकलं. पोरं तर लय खूश, कुनाला वर चढायला नको."

तिने माझा छातीचा फोटो दाखवला. त्यांनी तो उन्हात धरून पाहिला.

"यात काय बघायचं?"

"हे पांढरं दिसतंय ना, ती वाळू हाय. त्याच मशीनची."

"आम्ही कोल्ड स्टोरेजच्या पन्हळी करतो, मावशी. तिथं कुठली वाळू?" असे म्हणून त्यांनी फोटो परत दिला. मग म्हणाले, "मार्चपासून अंबडच्या एका फाउंड्रीचं काम धरलंय खरं."

सबब कलम २ मध्ये बदल करतो. ठेवीची वाटणी होण्याआधी त्यातून यंत्र परत विकत घ्यावे, ते सांगतील त्या किमतीला. तोवर त्या यंत्रावर काम करणाऱ्या प्रत्येकाचा छातीचा फोटो दर वर्षी नाशिकला काढून द्यावा. हे लताबाई आणि हर्षाली दोघींनी मान्य केले आहे. ते लोक माझे कोणी लागत नाहीत. तरीही ते माझे वारस समजावेत. त्यांची नावे लताबाईने विचारून आणली: खंडेराव, त्यांचे भाऊ बाजीराव, आणि कामावरची पोरं कचरू, रामनाथ आणि निवृत्ती.

सहावे नाव आणता आले नाही. तो माणूस यंत्रामागे पिशवी झटकत होता. लताबाईने त्याला तीन हाका मारल्या. यंत्र चालू असल्यामुळे त्याला ऐकू गेले नाही. त्याच्यासाठी खाली जागा कोरी सोडली आहे. ती भरल्याशिवाय हर्षालीने हे मृत्युपत्र पूर्ण झाले असे समजू नये.

सहावा: ______________________

वर लिहिलेले सर्व मी दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवले आणि त्यांच्यासमोर सही केली. त्यांनीही माझ्यासमोर सह्या केल्या.

सही: देवराम पुंजाराम विधाते

साक्षीदार:
१. शुभांगी रमेश जेजुरकर, शेजारी, सातपूर
२. दत्तू सखाराम काठे, निवृत्त फिटर, सातपूर

ठिकाण: नाशिक
दिनांक: २३ मे २००८