तीन पहारेकरी आणि बाहीचं प्रकरण

प्रिय मेहुणीबाईंना, म्हणजे दातांच्या डॉक्टरीणबाईंना, म्हणजे सध्या माझ्या बायकोला आश्रय देणाऱ्या थोर व्यक्तीला,

कुलूपवाल्या भावोजींचे पुष्कळ आशीर्वाद आणि गरजेपुरता एक नमस्कार.

इकडे सर्व ठीक आहे, म्हणजे मी उकडलेली अंडी आणि पाव यांवर तग धरून आहे. तुझा गुडघा काय म्हणतो? जिने चढू नकोस, असं मी नाही, तुझाच डॉक्टर म्हणतो, तेव्हा निदान त्याचं तरी ऐक. साडूभाऊंचं ब्लडप्रेशर आटोक्यात असेल अशी आशा आहे (नसेल तर हे पत्र त्यांना गोळी घेतल्यावरच वाचू दे). दवाखाना जोरात चालला असेल यात शंका नाही. लोकांनी गोड खायचं सोडलं अशी बातमी अजून तरी वाचनात आली नाही. तुझ्या ताईची तब्येत मात्र मी विचारत नाही. तिला तुझ्याकडे येऊन आज नऊ दिवस झाले आणि या नऊ दिवसांत तिने माझा एकही फोन उचलला नाही, त्या अर्थी ती ठणठणीत आहे.

ती का आली हे तिने तुला सांगितलं असेलच, आणि तिने सांगितलेला शब्द न् शब्द खरा असणार. फक्त तिने ते बाहीपासून सांगितलं असेल, आणि गोष्ट सुरू होते त्याच्या कितीतरी आधी. तेव्हा जरा धीराने ऐक. (समोर कुणी तोंड उघडून बसलं असेल तर आधी त्याचं उरकून घे.)

तुझी ताई तीन वर्षं शिवणकामाचं पुस्तक लिहिते आहे, हे तुला ठाऊक आहे. पुढच्या खोलीत बायकांना बेतायला शिकवताना तीस वर्षांत जे हाताला कळलं, ते सगळं तिने खिडकीजवळच्या कॉम्प्युटरवर दोन बोटांनी टाइप केलं आहे. अकरा प्रकरणं, आकृत्यांसकट. प्रकाशकाने या महिन्याची तीस तारीख दिली आहे. त्या दिवशी पुस्तक पुरं हातात पडलं नाही तर तिची जागा कुणा दुसऱ्या बाईंच्या विणकामाच्या पुस्तकाला जाणार, आणि त्या बाईंविषयी तुझ्या ताईचं मत काय आहे ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. एवढा ऐवज घरात, आणि ज्या यंत्रात तो ठेवला त्याला साधी कडी नाही! पासवर्ड म्हणून एक, दोन, तीन, चार. चाळीस वर्षं मी लोकांच्या दारांना कुलपं बसवली आणि माझ्याच घरातलं हे दार सताड उघडं. मला ते बघवेना.

मग मी कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. तिथल्या बाई (केस पांढरे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात कायम स्क्रूड्रायव्हर) फार शांतपणे म्हणाल्या की एक चांगला अँटीव्हायरस घ्या, कॉम्प्युटर अपडेट मागेल तेव्हा त्याला ते करू द्या, पासवर्ड म्हणून एखादी लांबलचक ओळ ठेवा आणि पुस्तकाची एक नक्कल वेगळ्या जागी ठेवा. संपलं. मला हे काही पटलं नाही. एक तर नक्कल हा शब्दच आमच्या धंद्यात बरा समजत नाहीत. किल्लीची नक्कल म्हणजे चोराची सोय, हे मी माझ्या उस्तादाकडून पहिल्याच दिवशी शिकलो. आणि दुसरं म्हणजे, एकच अँटीव्हायरस? मी दाराला वर एक, मध्ये एक आणि खाली एक अशी तीन कुलपं बसवणारा माणूस. तीही तीन निरनिराळ्या कारखान्यांची, म्हणजे एक फोडता येणाऱ्याचे हात दुसऱ्यापाशी थांबावेत. मी तीन मागितले. बाई म्हणाल्या, दोन अँटीव्हायरस एका यंत्रात सुखाने नांदत नाहीत, तीन तर नाहीच नाहीत. गिऱ्हाईक मागतंय ते विकायला नाही म्हणणारा दुकानदार मी जन्मात पाहिला नव्हता, त्यामुळे मला त्यांचाच संशय आला.

एक घेतला बाईंकडून. दुसरा फुकट मिळतो, तो घरी बसून उतरवून घेतला. तिसरा शोधावा लागलाच नाही, तो आपण होऊन आला: स्क्रीनवर लाल चौकट, जोडीला घंटा, आणि तुमच्या कॉम्प्युटरमध्ये अडतीस विषाणू सापडले आहेत, रक्षणासाठी इथे दाबा. न बोलावता, न सांगता हजर! अशी तत्परता मी कुठल्याच पहारेकऱ्यात पाहिली नव्हती. मी दाबलं.

पुढचे चार दिवस काय झालं ते विचारू नकोस (विचारलं नाहीस तरी सांगतो). पहिल्याने दुसऱ्याला संशयित ठरवलं. दुसऱ्याने पहिल्याची झडती घेतली. तिसरा दोघांच्याही नावाने बोंब मारत दर दहा मिनिटांनी चौकट उघडायचा. या तिघांच्या भांडणात यंत्र पार मेटाकुटीला आलं. तुझी ताई एक अक्षर दाबून स्वयंपाकघरात जायची, भांडी घासून परत यायची, तेव्हा कुठे ते अक्षर उमटलेलं असायचं. मी तिला म्हटलं, सुरक्षिततेला वेळ द्यावा लागतो. ती म्हणाली, ‘मग मी हातानेच लिहिते, तुम्ही बसा पहारा करत.’ मी बसलोही.

गुरुवारी दुपारी, शिकवणी ऐन रंगात असताना घात झाला. पाच बायका टेबलाभोवती, खाकी कागद पसरलेला, तुझी ताई बाहीची गोलाई आखून दाखवते आहे, आणि यंत्र किंचाळलं. धोका सापडला होता. फाइलचं नाव होतं ‘बाही शेवटचं नक्की शेवटचं’. म्हणजे तिचं सातवं प्रकरण, त्रेचाळीस पानं, ज्याच्यापायी ती गेलं वर्षभर खपली ते. आता अशा वेळी शहाण्या माणसाने काय करावं? गप्प बसावं. मी पाच बायकांच्या देखत जाहीर केलं की रोग तुझ्या बाहीत आहे. दिवसभर त्या भरतकामाच्या साइट उघडून बसतेस, तिथून तूच तो घरात आणलास. वर आणखी म्हणालो, तरी मी सांगत होतो. (मी काहीही सांगत नव्हतो.) आणि ‘कोंडून ठेवा’ असं एक बटण होतं, ते दाबून टाकलं. प्रकरण गायब. तुझ्या ताईने कात्री टेबलावर ठेवली, अगदी हळू. बायका आपापल्या टेपा गुंडाळू लागल्या.

ती आत बॅग भरत होती तेव्हा मी काय केलं असेल? समजूत घातली? छे. पासवर्ड बदलला. दुकानातल्या बाईंनी सांगितलं होतं तशी लांबलचक ओळ. आणि आमच्या धंद्याची रीत अशी की कुलूप बसवून झालं की किल्ली मालकाच्या हातात द्यायची, आपल्यापाशी काही ठेवायचं नाही. पुस्तक तिचं, म्हणजे मालकीण ती. मी ओळ कागदावर लिहिली, पाकिटात घातली, पाकीट चिकटवलं आणि दारात तिच्या हाती दिलं. आत किल्ली आहे, हे सांगायचं तेवढं राहिलं. तिला वाटलं, खुलासा असेल. (चौतीस वर्षांत मी तिला दोनदा असं पाकीट दिलं आहे आणि दोन्ही वेळा आत खुलासाच होता, चार-चार पानी, मुद्द्यांना आकडे घालून.) तिने ते न उघडता पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात कोंबलं आणि बस पकडली.

आता माझी अवस्था बघ. रीतीप्रमाणे ती ओळ मी विसरून गेलो. यंत्र रोज विचारतं, मी रोज चुकतो. तिचा वाढदिवस टाकून पाहिला, दोन वेगवेगळ्या तारखांनी. समोरचा सुतार (त्याला आम्ही रंधा म्हणतो, कारण तो बोलला की समोरच्याची सालं निघतात) रोज खिडकीशी येऊन विचारपूस करतो, की कुलूपवाले, दार असतं तर मी बिजागऱ्या काढून दिल्या असत्या, याच्या बिजागऱ्या कुठे असतात? ज्याने अर्ध्या गावाची अडकलेली दारं उघडून दिली, तो स्वतःच्या घरात एका डब्याबाहेर ताटकळतो आहे. आत तिचं पुस्तक, आणि तारखेला उरले बारा दिवस.

तेव्हा मेहुणीबाई, एवढं काम कर. ताई आंघोळीला गेली की पर्सच्या बाहेरच्या कप्प्यातलं पाकीट अलगद काढ आणि न उघडता मला पाठवून दे. माणसाला कळायच्या आत त्याची दाढ काढणाऱ्या बाईला हे अवघड जाऊ नये. साडूभाऊंना नमस्कार सांग. गुडघ्याला जप.

तुझा,
भावोजी

ता. क. पाकिटाला हात लावू नकोस. विसरण्याबद्दल वर जे लिहिलं ते साफ खोटं आहे. यंत्र मी दुसऱ्याच दिवशी उघडलं आणि दुकानातल्या बाईंना घरी बोलावून आणलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून तासभर तपासलं आणि सांगितलं की तिसरा पहारेकरी हाच चोर होता, आणि त्याला आत घेतलं ते मी, स्वतःच्या बोटाने. भरतकामाच्या साइट बिचाऱ्या निर्दोष. बाहीतही काही नव्हतं. दुसरा पहारेकरी ओळख नसलेल्या फाइलला भ्याला, एवढंच. प्रकरण त्याच्या कोठडीत सुखरूप होतं, त्रेचाळीसच्या त्रेचाळीस पानं. आता यंत्रात एकच अँटीव्हायरस आहे आणि पुस्तकाची नक्कल माझ्या दुकानातल्या तिजोरीत. (उस्ताद वर असतील तर त्यांनी कृपया पाहू नये.) बाई म्हणाल्या, चोर घरात असताना लावलेलं कुलूप आहे हे, पासवर्डही बदला. मी म्हटलं, मालकिणीने किल्ली पाहिल्यावर बदलीन.

ता. क. दुसरा. खरं काम हे, की ते पाकीट तिने स्वतः उघडावं असं काहीतरी कर. बाईंनी सांगितलं होतं, अशी ओळ निवडा की तुमच्या तोंडी ती असेल असं कुणाच्या स्वप्नातही येणार नाही. मी पेन घेऊन अर्धा तास विचार केला आणि लिहिलं: ‘माझं चुकलं, तू म्हणत होतीस तेच बरोबर होतं’. लिहिली तेव्हा ती ओळ मला शंभर टक्के खोटी वाटत होती, म्हणूनच शंभर टक्के सुरक्षित. दुसऱ्या दिवशी ती खरी निघाली. तेव्हापासून यंत्र उघडायला दिवसातून चार वेळा ती टाइप करावी लागते. हाताला सवय झाली आहे. तोंडाला अजून होत नाही, फोन उचलला असता तरी झाली नसती, म्हणून तुला लिहितो आहे.

ता. क. तिसरा. ती पाकीट उघडेल तेव्हा समोर बस. हसली तर मला कळव. रडली तर कळवू नकोस, मी निघालोच असं समज. आणि काही न बोलता तिने कागदाची घडी घालून ठेवली, तर हे पत्र तिच्या हातात दे आणि तू दवाखान्यात निघून जा.