फायनल आणि लग्न, दोन्ही रविवारी सहाला

२४ मे, रविवार

पोचलो! आमचे कुंभार फायनलला पोचले! मातीकाम करणाऱ्या या गावाच्या फुटबॉल संघाला दुसरं नाव तरी काय असणार! चौकात फटाके, भोंगे, अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात. रडारड फक्त आमच्या घरात. कारण फायनलचे सामने दोन — पहिला गुरुवारी राजधानीत, दुसरा इथे, येत्या रविवारी संध्याकाळी सहाला. आणि येत्या रविवारी संध्याकाळी सहाला माझं लग्न आहे. नवरामुलगा कोण? कुंभारांचा लेफ्ट बॅक लिब्रादो!

तारीख त्यानेच काढली होती, जानेवारीत. "मेअखेर आम्ही रिकामेच असतो गं. कुंभार आणि फायनल? काहीतरीच!" स्वतःच्या संघावर काय विश्वास!

२५ मे, सोमवार

फादर कास्तुलो म्हणाले, "चारला उरकून टाकू. मलाही मॅचला जायचंय." पण चारला नवरदेव मैदानावर असणार ना! हॉलवाला म्हणाला, मग एकदम नोव्हेंबर. शिकागोची मावशी कालच बसमध्ये बसलीय. टर्कीच्या रश्श्याचा, मोलेचा, मसाला तीनशे माणसांचा वाटून झालाय. टर्की अजून जिवंत आहेत, त्यांचं तेवढं नशीब.

दोन्या एदुविहेस (सासूबाई, अजून व्हायच्यात) म्हणाल्या, "ढकल की पुढे, पोरी. नवरा काय पळून जातोय?"

"जातोय ना, चेंडूमागे," मी म्हटलं. त्यांना आवडलं नाही.

२६ मे, मंगळवार

ढकललं. नोव्हेंबर. लिब्रादोने माझ्या कपाळाचा मुका घेतला, आजीचा घेतात तसा.

२८ मे, गुरुवार

हरलो. एक-शून्य. आणि लिब्रादोला लाल कार्ड! त्यांचा एक गडी सुसाट पळत होता, लिब्रादो त्याच्या मागे. गडी धाडकन पडला, पंचाचा हात खिशात. बाहेर! म्हणजे रविवारच्या सामन्यालाही बाहेर.

बाबांनी टीव्ही बंद केला. मग आई हळूच म्हणाली, "म्हणजे... रविवारी तो मोकळा?" बाबा ताट तसंच टाकून उठले.

२९ मे, शुक्रवार

लग्न परत रविवारी! हॉल रिकामाच होता, फायनलच्या दिवशी कोण घेणार? मावशीही पोचली.

सगळं गाव म्हणतंय, कार्ड मुद्दाम घेतलं, बाईच्या नादाने. मंडईत टोमॅटोवालीने मला टोमॅटो दिले नाहीत. "पांढऱ्या पायाची!" म्हणाली, तेही तोंडावर.

संध्याकाळी त्यालाच विचारलं. "खरं सांग, मुद्दाम?"

बुटाची नाडी सोडली, परत बांधली. मग म्हणाला, "तुझ्यासाठी, ओतिलिया. नोव्हेंबर म्हणालीस ना, तेव्हा तुझा चेहरा बघवला नाही मला."

आता त्या बाईने टोमॅटो फेकून मारले तरी चालतील! फायनल सोडली माझ्यासाठी! त्याच्यावर एवढं प्रेम मी आजवर कधी केलं नव्हतं. लिहायची लाज वाटते, पण आरशासमोर नाचले.

३० मे, शनिवार

दुपारी मी झगा इस्त्री करत होते. लिब्रादो धापा टाकत आत, मागोमाग सासूबाई. लीगच्या समितीने चित्रफीत परत पाहिली म्हणे. कार्ड रद्द! तो खेळू शकतो!

"हातसुद्धा लावला नव्हता मी त्याला! बोटसुद्धा नाही! आपला आपणच पडला तो हरामखोर!" बाबांना मिठी, आईला मिठी, कुत्र्याला मिठी. मी लग्नाला हो म्हटलं त्या दिवशी हा चेहरा असा नव्हता.

"आणि उद्या सहाला?" मी विचारलं.

"उद्या सहाला फायनल!"

आईने कोपर मारलं तेव्हा कुठे त्याला आठवलं. मग म्हणाला, "ते बघू गं नंतर," आणि सरावाला पळाला.

हातच लावला नव्हता. मग माझ्यासाठी केलं काय रे, मेल्या? नुसतं हो म्हणून टाकलंस! आणि मी खुळी नाचले. लग्न परत रद्द. इस्त्री झग्यावरच राहिली, चांगलं मुठीएवढं भोक पडलंय. आई रडली. मला रडूही आलं नाही, इतका राग आला.

३१ मे, रविवार

जिंकलो! दोन-शून्य! चॅम्पियन! बाबा लहान मुलासारखे हुंदके देत होते.

लिब्रादोला एक मिनिटही मैदानात उतरवलं नाही. आमच्या लग्नाच्या मुहूर्तावर गडी बाकावर बसून होता, पहिल्यापासून शेवटपर्यंत. आता आमच्या खिडकीखाली उभा आहे, गळ्यात मेडल. "ओतिलिया! फादर खुशीत आहेत, आत्ता लावून देतो म्हणतात! खाली ये!"

मला त्याची दया आली. खरंच आली. खाली गेले आणि दाराला आतून कडी घातली.