बटणांचा दोरा आणि तीस बिल्ले

आई, तू गेल्याला वीस वर्षं होऊन गेली, आणि परवा तुझी एक चूक सापडली. ती कळवायला बसलोय. तू होतीस तेव्हा तुझ्या चुका काढायची हिंमत नव्हती, आणि गेलेल्या माणसाच्या चुका काढलेलं लोकांना आवडत नाही, त्यामुळं तुलाच लिहितो.

चिकलठाण्याच्या आमच्या शाळेत शनिवारी पालकसभा होती. पालकांना दाखवायला सहावीच्या मुलांनी छातीवर लावायचे दिव्यांचे बिल्ले शिवायचे असं ठरलं. कापडाचा गोल तुकडा, त्यावर तारेचे दोन पाय असलेला मण्याएवढा दिवा, घड्याळातल्यासारखा चपटा सेल, आणि जोडायला वीज वाहून नेणारा स्टीलचा दोरा. विज्ञानाच्या बाईंना वीज येते, सुई येत नाही. शिवता कोणाला येतं, असं मुख्याध्यापकांनी विचारलं तेव्हा संस्कृतच्या मास्तरानं, म्हणजे मी, हात वर केला. त्यानंतरचं हसू तुला सांगत नाही. बाईंनी फळ्यावर सेलपासून दिव्यापर्यंत दोन वेगळ्या रेघा काढून दिल्या होत्या. मला वाटलं, यांना शिवणातली काटकसर काय कळणार. मी दोन्ही रेघा एकाच दोऱ्यात ओवायला लावल्या: सेलकडून दिव्याकडं, दिव्याच्या दोन्ही पायांतून, तसंच परत सेलकडं. "मध्ये दोरा तोडायचा नाही," हे चारदा बजावलं, तुझ्याच आवाजात.

कारण मी नऊ वर्षांचा आहे, स्वयंपाकघरात स्टोशेजारी गुलमंडीच्या शिंप्याकडचे शर्ट रचलेत, तू काजं करतेस आणि मी बटणं लावतो. एक बटण झालं की दोरा तोडतो, दुसऱ्याला नवी गाठ मारतो. तू शर्ट हातात घेऊन आधी उलटा करतेस. सुलट बाजू तू कधी आधी बघितलीच नाहीस. "दोरा का झाडाला लागतो व्हय रं? पट्टीच्या आतून सरकवत न्यायचा. काढ समदी." शेजारच्या काकू दारात उभ्या राहून बघतायत, आणि मी सातही बटणं रडत उसवतोय.

तर तीस बिल्ले झाले आणि एकही दिवा लागेना. सेल मात्र गरम. ते काढायला लावले. पालक यायला तासभर उरलेला. पहिल्या बाकावरच्या एका मुलीचा बाप कंपनीतून सुट्टी काढून पहिल्यांदाच सभेला येणार होता. सकाळपासून तिनं मला हे तीनदा सांगितलं होतं. तिच्या अंधाऱ्या बिल्ल्याकडं बघून मी काय केलं असेल? तुझ्यावर ढकललं. "माझ्या आईनं मला असंच शिकवलंय," म्हणालो. ती बिल्ला उलटा करून बघत होती. "सर, वीज दिव्यात जातच नाय. दोऱ्यातूनच पळती सरळ. दोन पायांच्या मधी तोडा की." म्हटलं, "म्हणजे आईनं चुकीचं शिकवलं." माझी कीव आल्यासारखं तिनं बघितलं. "तुमच्या आईच्या बटनात कुठं करंट व्हता, सर?"

तोडले. प्रत्येक दिव्याखाली दोरा कापला, सुटी टोकं बाईंच्या नेलपेंटनं चिकटवली. संस्कृतातल्या न्यायशास्त्रात अभाव, म्हणजे एखादी गोष्ट नसणं, हाही एक पदार्थ मानतात. कॉलेजात मी ते घोकलं होतं, कळलं त्या दुपारी. तेवढ्या जागेत दोरा नाही, म्हणून दिवा आहे. बाप आला तेव्हा पोरीनं बिल्ला आधी उलटा करून दाखवला. तू असतीस तर तिला ठेवून घेतलं असतंस, मला घरी पाठवलं असतंस.

मला मात्र फार हलकं वाटलं. त्या सात बटणांवरून मी चाळीसेक वर्षं मनातल्या मनात तुझ्याशी भांडतोय, आणि सहावीतल्या मुलीनं एका वाक्यात खटला निकाली काढला. तुझ्या बटणांपुरतं तुझं बरोबर होतं. मला तेवढंच कोणीतरी सांगायला हवं होतं.

आता एक सांगून टाकतो. पोराला संस्कृतची ओढ आहे, असं तू गल्लीभर सांगायचीस. ओढ नव्हती. त्या दिवसानंतर तुझ्यासमोर सुई घेऊन बसायला नको, म्हणून मी गुरुजींची संस्कृतची शिकवणी धरली. ओढ पुढं लागली, ती खरी.

हा कागद तुझ्या बटणांच्या डब्यात ठेवतोय. सकाळी तो डबा काढून माझ्या शर्टाची दोन बटणं लावली. मधला दोरा तोडला नाही.