सासूबाईंच्या तोंडचा आकडा

प्रति,
मा. पोलीस निरीक्षक साहेब,
आमच्या पेठेचे पोलीस ठाणे, कोल्हापूर.

अर्जदार : सौ. अनुजा कृष्णात सासने, मंगळवार पेठ. (घर नंबर लिहीत नाही, कारण खाली कळेल.)

विषय : आजारी सासूबाईंच्या तोंडून मटक्याचे आकडे काढून घेणाऱ्यांना आमच्या दारातून उठवणेबाबत.

संदर्भ : गेल्या सोमवारी आपल्यासमोर रडत रडत केलेली तोंडी तक्रार.

महोदय,

वरील विषयास अनुसरून कळवते की, माझ्या सासूबाई चिमणाबाई यांनी सारा जन्म गंगावेशीत दूध मापून विकले. दिवाळीनंतर त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. राहिले ते फक्त आकडे. पाणी हवे असले तरी "सात", पाय दुखला तरी "चार". डॉक्टर म्हणतात, या आजारात असे होते, त्यात दैवी काही नाही. रोज शब्दांचा सराव घेतला तर बोलणे परत येईल, पण घरात शांतता पाहिजे.

शांतता कुठली! शेजारचे रिक्षावाले बाळासो यांनी सासूबाईंचा एक आकडा मटक्याला लावला आणि तो नेमका लागला. सासूबाई दिवसभर आकडेच बोलतात, साहेब, एखादा लागणारच. न लागलेले कुणी मोजत नाही. तेव्हापासून उजाडले की दारात चपलांचा ढीग. त्या खोकल्या की म्हणे ओपनचा आकडा, शिंकल्या की क्लोजचा. आकडा बोलल्या की टाळ्या, पेढा, गळ्यात हार. मी "आई, पाणी म्हणा" म्हटले की मलाच दटावतात, "वैनी, मधी बोलू नका की!" अशाने त्या शब्द कशाला शिकतील?

बाळासो माणूस वाईट नाही. झटका आला तेव्हा त्यांनीच रिक्षा पळवत दवाखाना गाठला होता. आता ती रिक्षा उभीच असते. त्यांची बायको तानाबाई हाताला धरून ओढते, तरी उठत नाहीत. "आज लागला की सोडतो" हे रोजचेच. त्यांना कोठडीत न टाकता व्यसनमुक्ती केंद्रात पोहोचवावे. आकडा घेणाऱ्या एजंटाला मात्र मोकळे सोडू नये.

काल सासूबाईंनी बाळासोंकडे बराच वेळ बघितले आणि स्पष्ट म्हणाल्या, "घरी जा." इतक्या महिन्यांतले पहिले शब्द! मी आणि तानाबाई एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो. बाळासोंनी विचारले, "घरी म्हंजे किती धरायचं, आक्का?" मग पाय धरले, विनवू लागले, रडकुंडीला आले. सासूबाईंना ते बघवले नाही. बाळासोंच्या डोक्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "सात."

आज सकाळपासून पुन्हा सातच चालू आहे. तरी कृपया आजच माणूस पाठवावा. त्याला आकड्याचा नाद नसावा, एवढे बघावे.

आपली नम्र, पण दार अडवून बसलेली,
सौ. अनुजा कृष्णात सासने

दिनांक : अक्षयतृतीयेचा दुसरा दिवस

सोबत : डॉक्टरांचा दाखला. (त्यावरचा केसपेपर नंबर खोडला आहे. या अर्जाला आवक क्रमांक पडेल, तो कृपया आमच्या दारात कुणाला सांगू नये.)